पडद्याआडचा फासा

वहीतलं ते पान अजून माझ्याकडे आहे. चौकटीचा कागद, पेन्सिलीने मारलेल्या उभ्या रेघा, चार झाल्या की त्यांना छेदणारी पाचवी. डाव्या रकान्याखाली २१२ आणि ११ असे दोन आकडे, उजव्या रकान्याखाली ९० आणि शून्य. पान हातात देणारी मुलगी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मी २७ वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "काकू, माझं काही चुकत असेल तर सांगा."

तिचं काही चुकत नव्हतं. तिने मला पकडलं होतं.

काय पकडलं, हे कळायला आधी आमचा खेळ सांगायला हवा. टेबलटॉप रोलप्लेइंग या नावाखाली येणाऱ्या खेळांत चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि मिळून एक गोष्ट रचतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी जादूगार. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो बाकीचं सगळं जग चालवतो. पाऊस, धर्मशाळेचा मालक, दरीतला राक्षस, सगळं तोच. त्याला गेममास्टर म्हणतात. मी आपल्या नाटकातला जुना शब्द वापरते, सूत्रधार. खेळाडू सांगतो, "मी दोरीवरून पलीकडे जाते." जमलं की नाही हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकायचा. या खेळात शेवटी कुणी जिंकत नाही. एकच गोष्ट दर आठवड्याला पुढे जात राहते, कधी कधी वर्षानुवर्षं.

पात्राला हिट पॉइंट असतात, म्हणजे अंगात किती मार सोसण्याचं बळ उरलंय त्याचा आकडा. शत्रूचा घाव लागला की तो उतरतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या सर्वांत प्रसिद्ध खेळाच्या २०१४च्या नियमांप्रमाणे आकडा शून्यावर आला की पात्र बेशुद्ध पडतं आणि मग दर फेरीला खेळाडू स्वतः फासा टाकतो. दहा किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन यशं आधी जमली तर जीव वाचला, तीन अपयशं आधी जमली तर पात्र मेलं. एक पडला तर दोन अपयशं धरायची. वीस पडले तर पात्र डोळे उघडून उठून बसतं. कुणी मदतीला आलं नाही तर जगण्याची शक्यता ५९.५ टक्के निघते. हे गणित मी पहिल्याच आठवड्यात मांडून पाहिलं होतं. सवय जात नाही.

२०२०च्या टाळेबंदीत भाचा संगणकाच्या पडद्यावर मित्रांशी हे खेळायचा आणि त्यांना सूत्रधार मिळत नव्हता. "आत्या, तुला वर्गात तासभर बोलायची सवय आहे ना," म्हणून मला बसवलं. पुढे सगळे प्रत्यक्ष येऊ लागले. कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पाच मुलं, चिवडा आणि माझ्यासमोर पुठ्ठ्याचा तीन घड्यांचा पडदा. पडदा हा सूत्रधाराचा नेहमीचा सरंजाम आहे. त्यामागे नकाशे असतात, राक्षसाचे आकडे असतात, आणि सूत्रधार आपले फासे तिथेच टाकतो.

तिथेच माझी लबाडी चाले. राक्षसाच्या हल्ल्याला नेमके वीस पडले तर घाव दुप्पट फाशांचा बसतो. एखाद्या पात्राचे पाच-सात हिट पॉइंट उरलेले असताना असे वीस पडले की मी पडद्यामागे पाहून अगदी सहज म्हणायची, "तेरा. चुकला." समोर कुणीतरी सुटकेचा श्वास सोडायचं. मला बरं वाटायचं.

वीस पडले की ते जाहीर करावेच लागतात, त्यामुळे त्या मुलीला माझा फासा दिसण्याची गरजच नव्हती. तिने फक्त मोजलं. सगळी पात्रं धडधाकट असताना मी २१२ हल्ले केले, त्यांत वीस ११ वेळा पडले. शेकडा पाचच्या हिशेबाने दहा-अकराच अपेक्षित. समोरच्याचे हिट पॉइंट दहाच्या आत असताना मी ९० हल्ले केले. तिथे चार-पाच वेळा वीस पडायला हवे होते. एकदाही पडले नव्हते. खऱ्या फाशाकडून असं शंभरात सुमारे एकदा घडेल. हेच मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले होते.

पात्रांना सूत्रधाराने मरणापासून वाचवावं का, हा या खेळातला सर्वांत जुना वाद आहे. तो खेळाच्या जन्माआधीपासून सुरू होतो, हे मला मागाहून वाचताना कळलं.

प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धखेळाचे नियम छापले. वडिलांनी राजासाठी बनवलेल्या खेळाची ती सुधारलेली आवृत्ती. नकाशावर पलटणींचे ठोकळे, दोन्ही बाजूंचे अधिकारी हुकूम लिहून देणार आणि मधला पंच ते अमलात आणणार. गोळीबारात किती माणसं पडली हे तक्ता आणि फासा मिळून ठरवत. पुढे नियमांचं जंजाळ वाढलं आणि लोक कंटाळले. १८७६मध्ये फेर्दी द्यू व्हेर्नवा या सेनापतीने तक्ते आणि फासे दोन्ही बाजूला ठेवले: युद्ध पाहिलेला अनुभवी पंच समोर बसला आहे, निकाल त्यानेच द्यावा. म्हणजे निकाल फाशाचा की माणसाचा, हा प्रश्न आमच्या हॉलमध्ये यायच्या शंभराहून अधिक वर्षं आधी बर्लिनमध्ये विचारून झाला होता.

तो धागा अमेरिकेत पोचला. १९६९च्या सुमारास मिनियापोलिस–सेंट पॉल या जोडशहरात डेव्हिड वेस्ली याने एका जुन्या अमेरिकी युद्धखेळाच्या पुस्तकातून सर्वाधिकारी पंचाची कल्पना उचलली आणि मित्रांना पलटणींऐवजी एकेक माणूस वाटून दिला. त्या मित्रांतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे आपलं काल्पनिक जग उभं केलं, ब्लॅकमूर. आणि इथे माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली. आधीच्या खेळांत एका फाशात एक ठोकळा उठायचा. ठोकळ्याचं कुणाला काय? पण आता तो ठोकळा 'मी' होता. आर्नेसनने नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, राक्षस एका फटक्यात मेला तर खेळाडूंची काही हरकत नसे; आपण एका फटक्यात मरणं त्यांना खपेना. मग त्याने आपल्याच एका आरमारी खेळातून, पोलादी जहाजं किती मार सोसून बुडतात हे मोजण्याची रीत उचलली आणि माणसांना लावली. हिट पॉइंट आले ते असे. हिट पॉइंट ही मुळात दयाच होती. फरक इतका की ती नियमात लिहिलेली, सगळ्यांना दिसणारी आणि राक्षसालाही तितकीच लागू असलेली दया होती.

आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' जानेवारी १९७४मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. गायगॅक्सची ख्याती निर्दय सूत्रधाराची. त्याचं 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस १९७५च्या एका मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी रचलेलं आणि १९७८मध्ये छापलेलं. त्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचं तोंड आहे, आत काळाकुट्ट अंधार. कुतूहलाने त्या तोंडात शिरणारा संपतो. फासा नाही, दुसरी संधी नाही. पण त्याच गायगॅक्सने १९७९च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात वेगळाच सूर लावला आहे. खेळाडूने सगळी काळजी घेतली, बुद्धीने खेळला आणि तरी विचित्र दान पडून पात्र मरायला टेकलं, तर एरवी तसं होऊ द्यावं. पण सूत्रधाराला अधिकार आहे की मरणाऐवजी पात्र बेशुद्ध पडावं, हातपाय जावा, एक डोळा जावा. मूर्खपणा केला असेल तर मात्र फासा पडेल तसा पडू द्यावा. निर्दय म्हणून प्रसिद्ध माणसाकडून हे वाचताना मला आमच्या विभागातले एक कडक सर आठवले. कॉपीला माफी नव्हती, पण आजारी मुलाची परीक्षा ते घरी जाऊन घेत.

२०१४च्या सूत्रधार-ग्रंथातला सल्ला मात्र मला खटकतो. पडद्यामागे फासा टाकला की हवं तर निकाल फिरवता येतो, असं तो उघड सांगतो. फार वेळा करू नका, आणि करता आहात हे खेळाडूंना कळू देऊ नका. कळलं तर त्यांना धोका खरा वाटणार नाही किंवा तुम्ही पक्षपात करता असं वाटेल. चांगल्या कामासाठी शेवटपर्यंत लपवाछपवी लागणार असेल, तर ते काम तपासून पाहायला हवं.

वाचवणाऱ्यांची बाजू मी हलकी लेखत नाही; मी स्वतःच त्या बाजूची होते. १९७४मध्ये नवं पात्र दहा मिनिटांत तयार व्हायचं: तीन साधे फासे सहा वेळा टाकायचे, नाव लिहायचं, चला. आज एक पात्र बनवायला संध्याकाळ जाते. मुलं त्याचं गाव, हरवलेली बहीण, सावकाराचं कर्ज असं पानभर लिहून आणतात, आणि मी माझं कथानक त्या बहिणीभोवती गुंफते. मग एका भुरट्याच्या बाणाने ते सगळं संपवायचं? मरणाची किंमत वाढली, तशी वाचवण्याची ओढही वाढली. १९८४च्या 'ड्रॅगनलान्स' साहसमालिकेत कथेला हवी असलेली पात्रं मेलीच, तर शव कुणाला न सापडेल असं मारा, म्हणजे पुढे परत आणता येतील, अशी सोयच करून ठेवली होती. आपल्या मालिकांत दरीत कोसळलेला नायक दोनशे भागांनी परततो, तीच युक्ती.

ही ओढ किती खोल आहे हे शक्यतेचं साधं गणितही दाखवतं. समजा एका बैठकीत एका पात्राच्या मरणाची शक्यता फक्त दोन टक्के आहे. पन्नास बैठकांनंतर ते पात्र जिवंत असण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर येते. पाचही पात्रं पन्नास बैठका जगण्याची शक्यता एक टक्काही भरत नाही. आणि तरी वर्षभर खेळून कुणीच मेलं नाही, असं सांगणारे गट पुष्कळ भेटतात. तिथे एकतर धोका नावालाच असतो, नाहीतर पडद्याआड माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं.

फासे म्हटलं की आपल्याकडे शकुनी आठवतो. लोककथेतला, मंतरलेल्या फाशांचा. मी त्याचाच धंदा उलट्या बाजूने करत होते. तो हरवण्यासाठी फासे फिरवायचा, मी तारण्यासाठी. ज्याच्यासाठी फासा फिरवला त्याला पत्ता नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

ते पान पाहिल्यावर मी कबूल केलं. तिला राग आला नाही. रागाचं मला चाललं असतं. तिने विचारलं, "मग पुलावरचं?" तिचं पात्र म्हणजे कुसुंबी नावाची चोरटी. चार महिन्यांपूर्वी दोरखंडाच्या पुलावर तिने एकटीने राक्षसाला थोपवून धरलं होतं, सोबती पलीकडे जाईपर्यंत. सहा फेऱ्या, उरलेले हिट पॉइंट तीन. त्या रात्री मुलं जिन्यावरून ओरडत उतरली होती आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी दार उघडून पाहिलं होतं. ती म्हणाली, "त्यातलं किती माझं होतं?"

मला सांगता येईना. मी नोंद ठेवली नव्हती. कदाचित एकही फासा फिरवला नसेन, कदाचित दोन फिरवले असतील. एक खोटं सापडलं की मागची सगळी खरी दानंही संशयित होतात, आणि ती परत खरी करून देण्याचा मार्ग सूत्रधाराकडेही नसतो. मी मरण टाळलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तिने मिळवलेली एक गोष्ट मी तिच्याकडून काढून घेतली होती.

आमच्या वाड्यात लहानपणी डबडा ऐसपैस किंवा लगोरी चालली की धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू म्हणून घेत. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो आउट होत नाही; मागे मागे पळायचं आणि ओरडायचं. हा न्याय मला आजही सुंदर वाटतो, कारण तो जाहीर असतो. खेळाआधीच सगळ्यांसमोर ठरतं, आणि ज्याला कळू लागतं तो एक दिवस पाय आपटून म्हणतो, "मी लिंबूटिंबू नाही." मी त्या पाच जणांना न विचारता, न सांगता लिंबूटिंबू केलं होतं. हुतूतूमध्ये मेलेला गडी जिवंत होतो, तेही उघड: दुसऱ्या बाजूचा एक बाद झाला की याचा एक उठतो. दयेची सोय आपल्या खेळांना नवी नाही. ती चोरून करावी असं मात्र त्यांत कुठे नाही.

हे लक्षात आल्यावर मी इतर खेळांचे नियम याच नजरेने चाळले. प्रत्येकाने मरणाचा प्रश्न आपापल्या परीने मांडून दाखवला आहे. १९७७च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये पात्र घडवतानाच, नोकरीतल्या धोक्यांच्या फाशात ते मरू शकतं, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आत. १९८४च्या 'पॅरानोया'त प्रत्येकाला स्वतःच्या सहा प्रती मिळतात, त्यामुळे मरण हा विनोद होतो. 'फेट' या खेळात हार दिसू लागली तर खेळाडू शरणागती पत्करून शेवट कसा व्हावा यावर आपलं म्हणणं मांडू शकतो. अट एवढीच की हे फासा पडायच्या आधी बोलायचं. मला सर्वांत आवडला तो २०१२च्या 'डन्जन वर्ल्ड'मधला प्रसंग. मरणाऱ्याची प्रत्यक्ष मृत्यूशी गाठ पडते आणि खेळाडू दोन फासे टाकतो. दहा किंवा वर आले तर सुटका, सहा किंवा खाली आले तर संपलं. आणि मधल्या आकड्यांवर मृत्यू सौदा पुढे ठेवतो. घ्यायचा की नाही ते खेळाडूने ठरवायचं. सावित्री ऐकत वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. या सगळ्यांत दया आहे, कुठे भरपूर, कुठे तुटपुंजी. पण ती टेबलावर आहे.

उघड मरण काय करतं हे पाहायचं असेल तर 'क्रिटिकल रोल' पाहावं. अमेरिकेतले व्यावसायिक आवाज-कलाकार कॅमेऱ्यासमोर हा खेळ खेळतात. २०१८च्या जुलैत त्यांच्या दुसऱ्या मोहिमेच्या सव्विसाव्या भागात टॅलिसिन जॅफीचं मॉलीमॉक हे लाडकं पात्र गुलामांच्या व्यापाऱ्याशी लढताना मेलं. सूत्रधार मॅट मर्सरला व्यापाऱ्याचा हात आवरता आला असता. पात्र आधीच बेशुद्ध होतं, सोडून निघून जाणं शक्य होतं. पण तो व्यापारी तसा माणूस नव्हता. तो भाग मी दोनदा पाहिला. पुढच्या कितीतरी भागांत उरलेली पात्रं त्या मरणाला स्मरून निर्णय घेत राहतात.

आमच्याकडे आम्ही पुढच्या शनिवारी फासे न काढता नुसते बोललो. एकाला धोका पुरेपूर हवा होता. भाचा म्हणाला, मला कथेची मजा येते, मेलो काय आणि नाही काय. सर्वांत धाकटा अकरावीतला. तो काहीच बोलला नाही, ते मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. शेवटी पडदा फक्त नकाशापुरता ठेवायचं ठरलं. फासे मधोमध, स्टीलच्या ताटात. आवाज फार होतो म्हणून खाली नॅपकिन. गायगॅक्सची सूट आम्ही सूत्रधाराकडून काढून खेळाडूकडे दिली: प्रत्येक पात्राला एकदाच, शून्यावर आल्यावर, पहिला फासा टाकायच्या आत खेळाडूने जाहीर करायचं की मरण नको, त्याऐवजी कायमची खोट चालेल. कुसुंबीने आपली सूट दिवाळीच्या सुमारास वापरली. डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि चोराला ती फार महाग पडतात.

याची किंमत पडली नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारीत अकरावीतल्या मुलाचा जादूगार मेला. सूट आहे हे तो घाईत विसरला, फासा टाकून बसला, तीन फेऱ्यांत तीन अपयशं. ताटातले आकडे सगळ्यांनी पाहिले. त्याने कागदाची नीट घडी घातली, चिवड्याची वाटी सिंकमध्ये नेऊन ठेवली आणि लवकर घरी गेला. पुढचे दोन शनिवार आला नाही. मी फोन केला तर म्हणाला, "ताप होता, काकू." तिसऱ्या शनिवारी नवा कागद घेऊन आला. आता तो एक ढालकरी खेळतो, बरा खेळतो, पण पहिल्यासारखा मोठ्याने हसत नाही. पडदा असता तर मी त्याचा जादूगार वाचवला असता. या एका बाबतीत मी अजून स्वतःशी भांडते.

परवाच्या शनिवारी खेळ भलत्या ठिकाणी थांबला, कारण साडेनऊ वाजले आणि एकाची शेवटची बस होती. नदीच्या अलीकडच्या काठावर कुसुंबी बेशुद्ध पडली आहे. सोबती पलीकडे, पाणी चढलेलं, वेळेत कुणी पोचेल असं नाही. तिचे तीन फासे पडून गेले: एक यश, दोन अपयशं. रात्री अकराला तिचा निरोप आला, "काकू, साडेबत्तीस टक्के. बरोबर ना?"

मी कागदावर पुन्हा करून पाहिलं आणि कळवलं, बरोबर.